कनातीपलीकडच्या शिव्या

गेल्या गणेशोत्सवात आमच्या सोसायटीच्या मंडपात मुलांच्या करमणुकीचा कार्यक्रम होता. दोन नाच आणि एक गाणे झाल्यावर सहावी-सातवीतला एक मुलगा नकला करायला उभा राहिला. अर्ध्या चड्डीवर वडिलांचे धोतर कसेबसे गुंडाळलेले, डोक्यावर तिरकी टोपी, ओठांवर काजळाने काढलेली मिशी. त्याच्याच वर्गातली एक मुलगी डोक्यावर ओढणीचा पदर घेऊन समोर आली. मुलाने खालचा ओठ किंचित पुढे काढला, डोळे अर्धे मिटले आणि घसा खरवडून ते वाक्य म्हटले, जे गेली कित्येक वर्षे निळू फुले यांच्या नावावर खपते आहे : ‘बाई, वाड्यावर या.’ मंडप हसून लोटपोट झाला. आया हसल्या, आज्या हसल्या, पदर घेतलेली मुलगीही तोंड लपवून हसली. नक्कल चांगली होती. ओठाची ढब त्याने नेमकी उचलली होती. नंतर प्रसाद घेताना मी त्याला विचारले, ‘निळूभाऊंचा कोणता सिनेमा पाहिलास?’ तो फार आदबीने म्हणाला, ‘सिनेमा नाही काका, मोबाईलवर बघितलं.’

त्या मुलाचा काहीच दोष नव्हता. त्याने ज्यांच्याकडून उचलले त्यांनीही दुसऱ्या कुणाकडून तरी उचललेले असणार. तरीही त्या रात्री तो हशा माझ्या कानांतून जाईना, कारण तेच बोलणे आणि तोच घसा मी लहानपणी ज्या जागी ऐकला होता, तिथे कुणीही हसत नसे.

ती जागा म्हणजे गावच्या यात्रेतला सिनेमाचा तंबू. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावाची यात्रा चैत्रात भरे आणि पाळण्यांच्या पलीकडे, ओढ्याकाठच्या मोकळ्या रानात तंबू पडे. आत जमिनीवरच बसायचे. ज्याने त्याने घरून पोते किंवा घोंगडे आणलेले असे. मधोमध कापडी कनात असे, एका अंगाला पुरुष आणि दुसऱ्या अंगाला बायका. मी वयाने लहान असल्यामुळे आत्याबरोबर बायकांकडे बसत असे. बाहेर जनरेटर धडधडत असे, पायांखालचा फुफाटा प्रकाशाच्या झोतात तरंगताना दिसे, आणि एकच यंत्र असल्याने दर रिळाला अंधार होऊन पुरुषांकडून शिट्ट्या येत. बायकांकडची तऱ्हा वेगळी होती. पडद्यावर निळू फुले दिसले की तिकडे प्रथम एक विचित्र शांतता पसरे. लुगड्याचे पदर सावरले जात, मांडीवरचे मूल जवळ ओढले जाई. मग ते बोलू लागले, की कनातीच्या या बाजूने शिव्या सुरू होत. ‘मुडदा बशिवला तुझा’, ‘वाटोळं हुईल मेल्या’, आणि इथे लिहिता येणार नाहीत अशाही पुष्कळ. एरवी चारचौघांत मान वर न करणाऱ्या, सासऱ्यासमोर शब्दही न काढणाऱ्या बायका त्या अंधारात मोठमोठ्याने शिव्या देत. त्यांत माझ्या आत्याचा आवाज सर्वांत वर असे.

बायकांच्या या शिव्या निळूभाऊ कामाची पावती मानत, असे त्यांच्याविषयी नेहमी सांगितले जाते. ते खरेच असावे. पण या शिव्या त्यांना एवढ्या सहजपणे का मिळत, हा प्रश्न मला पुढे पुष्कळ वर्षे पुरला. मराठी पडद्यावर खलनायक त्यांच्याआधीही होते आणि नंतरही झाले. त्यांपैकी अनेक जण ओरडत, टेबलावर मुठी आपटत, भुवया उंचावत. निळूभाऊ यातले काही करीत नसत. त्यांचा आवाज मुळात घोगरा होता आणि तो ते चढवायच्या ऐवजी उतरवत. समोरच्या माणसाला पुढे वाकून ऐकावे लागेल इतक्या हळू आवाजात ते बोलत. वाक्याचा शेवट अर्धवट घशातच ठेवीत आणि उरलेले डोळ्यांवर सोपवीत. धोतराचा सोगा दोन बोटांत धरून चालताना त्यांना कसलीही घाई नसे. घाई ज्याला गरज असते त्याला असते. या माणसाला जे हवे ते आपल्या पायांनी चालत त्याच्याकडे येणार आहे, हे त्या चालीतच दिसे. खांदे सैल, मान किंचित तिरकी, आणि बोलण्यापूर्वी एक छोटासा थांबा. त्या थांब्यात समोरचा माणूस मनातल्या मनात आपले घर, आपले रान, आपली मुले मोजून घेत असे.

असा थांबा मी प्रत्यक्षातही पाहिला होता.

आमचा भाग साखर कारखान्याचा. ऊस लावला की त्याची नोंद करायची, हंगाम सुरू झाला की चिटबॉयच्या, म्हणजे कारखान्याच्या ऊसनोंदीच्या माणसाच्या मागे फिरायचे, आणि आपल्या रानात तोडणीची टोळी कधी येते याची वाट पाहायची, हे आमच्या घरातले दर वर्षाचे वेळापत्रक होते. एका वर्षी आमचा आडसाली ऊस मार्च उजाडला तरी रानात उभा होता. आमच्यानंतर लावलेले ऊस तोडून गेले होते. तुरे येऊन वाळले होते, उसाच्या पोटात दशी पडू लागली होती, आणि रोज वजन घटत होते. त्याआधी गावच्या सहकारी सोसायटीच्या निवडणुकीत वडिलांनी दुसऱ्या बाजूच्या माणसाचे सूचक म्हणून सही केली होती. शेतकी ऑफिसात दाद लागेना, तेव्हा वडील मला बरोबर घेऊन तिथल्या बड्या पुढाऱ्याकडे गेले. सारा भाग त्यांना चेअरमन म्हणत असे. अनेक संस्था त्यांच्या हाताखाली होत्या. त्यांनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, चहा मागवला. मी कितवीत आहे ते विचारले, मला नावाने हाक मारली, आणि गणितात हुशार आहे असे ऐकतो, असेही म्हणाले. वडिलांनी उसाचे काढल्यावर ते थोडा वेळ गप्प बसले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, ‘बघू की. तुमचं काम आम्ही न करून कसं चालंल?’ आम्ही परत आलो. ऊस एप्रिलमध्ये गेला. त्या वर्षी थोरल्या बहिणीचे लग्न पुढे ढकलावे लागले, एवढे सांगितले म्हणजे पुरे. त्या भेटीत एकही वावगा शब्द कुणी उच्चारला नव्हता, कुणी आवाजही चढवला नव्हता, आणि तरीही वाटेत वडिलांचे हात थरथरत होते.

काही वर्षांनी मी ‘सामना’ पाहिला. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि डॉ. जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट तोवर जुना झाला होता; 1975 मध्ये बर्लिनच्या महोत्सवालाही तो जाऊन आला होता. त्यातला हिंदुराव धोंडे पाटील पडद्यावर आला आणि मला आमच्या चेअरमनांच्या दिवाणखान्यातला चहाचा वास आला. हिंदुराव गावाचे भले करणारा माणूस आहे, आणि हेच त्या भूमिकेतले सर्वांत अवघड सत्य आहे. त्याने कारखानदारी उभी केली आहे, त्याच्या शब्दावर माणसे पोटाला लागली आहेत, आणि त्याला स्वतःविषयी अभिमान वाटतो तो पुरता खोटा नाही. डॉ. श्रीराम लागूंचा दारुडा मास्तर कुठून तरी भरकटत येतो, तर हिंदुराव त्याला घरात ठेवून घेतो. निळूभाऊंनी त्या मास्तरविषयीचा हिंदुरावाचा लोभ इतका खरा दाखवला आहे, की मास्तर गावातून नाहीशा झालेल्या माणसाविषयीचा ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ हा आपला प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागतो तेव्हा हिंदुरावाच्या चेहऱ्यावर रागाच्या आधी दुखावलेपण येते. एवढे केले, तरी हा विचारतोच! आमच्या चेअरमनांनाही वडिलांच्या त्या सहीचे असेच दुःख झाले असेल, हे मला तेव्हा प्रथम जाणवले. त्याने त्यांच्याविषयीचा राग कमी झाला नाही. पण आपल्यावर सत्ता चालवणारा माणूस स्वतःला कसा दिसतो, हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवले नव्हते. ते निळू फुले यांच्या चेहऱ्याने शिकवले.

समोर लागू होते, हेही विसरता येत नाही. कान-नाक-घशाचे शल्यविशारद, रंगभूमीचा डोळसपणे अभ्यास केलेले, प्रत्येक शब्दाला धार लावून बोलणारे. आणि इकडे निळूभाऊ, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आलेले, पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळ्याची नोकरी केलेले. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने त्यांना नाव दिले आणि 1968 मध्ये अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’तल्या झेलेअण्णाने त्यांना पडद्यावर आणले. कलापथकात प्रेक्षक हाताच्या अंतरावर बसलेला असतो. गावातला पाटील पहिल्या रांगेत आणि वेशीबाहेरची वस्ती शेवटी, अशा बैठकीसमोर गावाच्याच पापांवर बोलायचे, तर माणसे वाचता यावी लागतात. निळूभाऊंनी ती वर्षानुवर्षे वाचली होती. सरपंच कसा बसतो, सावकार कुणाकडे बघत नाही, पुढाऱ्याचा हात बोलताना कुठे जातो, हे सारे त्यांनी सभांच्या आणि पथकाच्या दौऱ्यांत पाहून ठेवले असणार. डॉ. बाबा आढाव यांच्या ‘एक गाव एक पाणवठा’ चळवळीशी ते जोडलेले होते, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात होते, आणि सामाजिक कृतज्ञता निधीसाठी लागूंसारख्या सहकाऱ्यांबरोबर ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करून पूर्णवेळ कार्यकर्त्यांसाठी पैसा उभा करणाऱ्यांत होते. ज्या पाटलाशी चळवळीत झगडायचे, त्याच पाटलाला रात्री अंगावर घ्यायचे, असा हा दुहेरी संसार होता. त्यांच्या हिंदुरावात आणि त्याच्या भाऊबंदांत जे बारकावे दिसतात ते शत्रूला नीट ओळखून असलेल्या माणसाचे आहेत, असे मला वाटते.

त्यांच्या गुणांचे चीज सर्वत्र झाले असे मात्र म्हणवत नाही. ‘सारांश’मधला गजानन चित्रे सोडला तर हिंदीने त्यांना बहुतेक वेळा फुटकळ कामांवर बोळवले, आणि मराठीनेही तीच टोपी, तोच वाडा आणि तीच असहाय्य बाई पुन्हा पुन्हा समोर उभी केली. त्यांतले कित्येक चित्रपट आज पाहवत नाहीत. तरीही अशा सुमार चित्रपटातसुद्धा त्यांचा एखादा प्रवेश असा येतो, की आजूबाजूचा पुठ्ठ्याचा वाडा एकदम दगडाचा वाटू लागतो. आणि जिथे त्यांना वेगळे काम मिळाले, तिथे त्यांनी काय केले ते ‘सिंहासन’मध्ये पाहावे. अरुण साधू यांच्या कादंबऱ्यांवरच्या 1979 च्या त्या चित्रपटात सारे मंत्री, मुख्यमंत्री, दलाल बोलत असतात आणि निळूभाऊंचा पत्रकार दिगू टिपणीस ऐकत असतो. ऐकण्याचा अभिनय एवढा भरीव असू शकतो हे मला तोवर माहीत नव्हते. सर्वांची कारस्थाने एकाच माणसाच्या चेहऱ्यावर साचत जातात आणि शेवटी ती वेड्या हसण्यातून फुटतात. ते हसणे माझ्याने आजही पुरते ऐकवत नाही.

माझ्या वडिलांनी पुण्यात तेंडुलकरांचे ‘सखाराम बाइंडर’ पाहिले होते; त्यातला सखाराम निळूभाऊंचा. 1972 मध्ये सेन्सॉर, न्यायालय आणि गदारोळ यांतून वाट काढत रंगमंचावर आलेले हे नाटक त्यांनी घरी कुणाला न सांगता पाहिले आणि पुढे कितीतरी वर्षे त्याविषयी ते एवढेच म्हणत, ‘त्या माणसाची किळस येत होती आणि त्याच्यावरनं नजर काढवत नव्हती.’ मला ते पाहायला मिळाले नाही. नाटकातले निळूभाऊ माझ्या वाट्याला एकदाच आले. जयवंत दळवींच्या ‘सूर्यास्त’चा प्रयोग साताऱ्याला लागला होता, आणि वडिलांनी हट्टाने आत्यालाही बरोबर घेतले. त्यात निळूभाऊ झाले होते अप्पाजी : मुलगा मुख्यमंत्री झालेला आणि त्याच मुलाच्या सत्तेविरुद्ध उभा राहिलेला गांधीवादी म्हातारा. आत्या पहिला सगळा अंक पदर घट्ट धरून बसली होती. मध्यंतरात तिने वडिलांना विचारले, ‘तो कधी यायचा?’ वडील म्हणाले, ‘आलाय की मघाच. तो म्हातारा तोच.’ तिचा विश्वास बसला नाही. दुसऱ्या अंकात ती अंधारात पुढे वाकून, डोळे मिटून नुसता आवाज ऐकत राहिली. तोच घोगरा घसा, पण आता त्यात मागणे नव्हते, दटावणी नव्हती. एक थकलेला, न हटणारा सरळपणा होता. परतीच्या एस.टी.त ती खिडकीकडे तोंड करून बसली आणि कुणाशीच बोलली नाही. मला वाटले, आता तिची या माणसाविषयीची भीती गेली. पण पुढच्या चैत्रात तंबूत त्यांचा एक जुना चित्रपट लागला आणि आत्याने पूर्वीइतक्याच त्वेषाने शिव्या दिल्या. मला त्याचे फार नवल वाटले होते. अप्पाजी पाहून आलेल्या, हे सगळे सोंग आहे हे कळलेल्या बाईने पुन्हा का भडकावे?

आत्याविषयी एक सांगायचे राहिले. ती तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली होती. शाळा जेमतेम चौथीपर्यंत, पण हाताला चव होती. त्या चेअरमनांच्याच संस्थेच्या वसतिगृहात तिला स्वयंपाकाचे काम मिळाले होते. पगार थोडा, तरी स्वतःचा. मुले तिला मावशी म्हणत, आणि महिन्याच्या एक तारखेला ती माझ्यासाठी बत्तासे आणी. एका पावसाळ्यात ती दुपारीच घरी आली, भाकरीच्या पिठाने पांढरे झालेले हात तसेच होते, आणि तिने सांगितले की उद्यापासून आपण जाणार नाही. आजीने काही विचारले नाही. वडिलांनी काही विचारले नाही. चार-पाच दिवसांनी संस्थेचा शिपाई तिला बोलवायला आला तेव्हा ती मागच्या दाराने गोठ्यात गेली आणि तो जाईपर्यंत बाहेर आली नाही. पुढे तिने आयुष्यभर लोकांच्या रानात भांगलण केली, वाळवणे करून विकली, पण त्या रस्त्याने ती पुन्हा गेली नाही. या गोष्टीची आमच्या घरात कधीही चर्चा झाली नाही. मी मोठा होऊन दोन अधिक दोन करू लागलो तेव्हासुद्धा तिला विचारायचे धाडस मला झाले नाही, आणि विचारण्याचा अधिकार मला होता असेही वाटत नाही.

तंबूतल्या त्या शिव्यांकडे मी आता या बाजूने पाहतो. कनातीपलीकडच्या प्रत्येक बाईकडे एखादा चेअरमन, एखादा दीर, एखादा मुकादम असणार. दिवसाउजेडी त्याच्या वाटेत आल्यावर डोक्यावरचा पदर पुढे ओढून बाजूला व्हायचे, एवढेच त्यांच्या हाती होते. त्या माणसाला वर्षातून एकदा अंधारात, शेजारणींच्या साक्षीने, तोंडावर शिव्या देता येत, कारण एका नटाने त्यासाठी आपला चेहरा उधार दिला होता. तो चेहरा हुबेहूब नसता, त्यात जरा जरी भडकपणा असता, तर बायका हसल्या असत्या आणि शिव्या घशातच राहिल्या असत्या. निळूभाऊंनी आपल्या घोगऱ्या आवाजात काय काय सांभाळले होते, ते मला असे उलगडत गेले. म्हणूनच त्या मुलाची नक्कल मला सलली. आवाज आमच्यापर्यंत आला आहे, ढब आली आहे, ओठसुद्धा आला आहे. ज्या बाईला उद्देशून ते वाक्य म्हटले जाते ती बाई मात्र या विनोदातून पार नाहीशी झाली आहे.

13 जुलै 2009 रोजी निळूभाऊ पुण्यात गेले. अन्ननलिकेच्या कर्करोगाने त्यांना गाठले होते. मी त्या दिवशी गावी होतो. टीव्हीवर बातमी आली, खाली पट्टी सरकू लागली आणि ‘सामना’तली दृश्ये दाखवायला सुरुवात झाली. वडील खुर्चीत बसले होते. आत्या तांदूळ निवडत होती. तोवर ती सत्तरीपार गेलेली, दिसायला कमी आलेले. तिने सूप बाजूला ठेवले आणि ती टीव्हीच्या जवळ सरकून बसली. बराच वेळ ती पाहत होती. मग म्हणाली, ‘ह्याला मी लई शिव्या दिल्या रे. जन्मभर दिल्या. चांगला माणूस हुता.’

वडिलांनी तिच्याकडे पाहिले. इतक्या वर्षांत न विचारलेले त्यांनी त्या दिवशी विचारले, ‘त्यालाच दिल्या हुत्यास का गं आक्का?’

आत्याने नाही म्हणून मान हलवली. आणि मग आमच्या घरात भिंतींना ऐकू जाईल म्हणून ज्याला सगळे चेअरमन असेच म्हणत आले होते, त्या माणसाचे नाव, त्याच्या वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट, तिने स्पष्ट, खणखणीत आवाजात घेतले.